पौंड गुणिले शंभर

लंडनला शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात एक आजार जडतो. त्याचं नाव गुणाकार. कॉफी साडेतीन पौंड? म्हणजे साडेतीनशे रुपये! नको, खोलीवर जाऊन चहा करू. केस कापायचे वीस पौंड? दोन हजार! वाढू देत. खरा दर शंभराच्याही वर होता, पण वरचे दहा-बारा रुपये मनःशांतीसाठी सोडून द्यायचे असतात.

मी तिथं वर्षभर होते, २०२४ च्या सप्टेंबरपासून. शनिवार-रविवार लंडन हिंडायचं आणि खर्च शून्याच्या आसपास ठेवायचा, असा पण केला होता. तो बऱ्यापैकी पाळला. तिकिटाच्या खिडक्या चुकवता चुकवता जे लंडन हाती लागलं, ते हे असं.

घड्याळातली चिल्लर

‘आम्ही बिग बेन बघितलं’ असं सांगणाऱ्याने बहुधा ते बघितलेलं नसतं, ऐकलेलं असतं. बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव. वजन १३.७ टन. बाहेरून दिसतो त्या मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, त्याआधी नुसता क्लॉक टॉवर म्हणायचे.

घंटा १८५९ च्या जुलैत वाजू लागली आणि सप्टेंबरात तिला तडा गेला. मग ती थोडी फिरवून घेतली, हातोडा हलका केला, झालं काम. तीच तडकलेली घंटा आजही ठणठणते आहे. जुनं भांडं ठोकून-ठाकून वापरणाऱ्या माझ्या आजीला हे लोक फार आवडले असते.

खरी गंमत लंबकापाशी आहे. तिथं जुन्या पेनीच्या नाण्यांची छोटी चळत ठेवतात. घड्याळ मागे पडायला लागलं की चळतीवर एक पेनी वाढवायची, पुढे धावायला लागलं की एक काढायची. एका पेनीने दिवसाला ०.४ सेकंदाचा फरक पडतो. अख्ख्या देशाला वेळ सांगणारं घड्याळ चिल्लरीवर चालतं हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. माझंही तेव्हा चिल्लरीवरच चाललं होतं.

भुयारातली गाडी, उन्हात

लंडनच्या मेट्रोला सगळे ‘अंडरग्राउंड’ म्हणतात, पण तिचा निम्म्याहून जास्त मार्ग जमिनीच्या वर आहे. पहिली गाडी १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. विजेचा पत्ता नव्हता. बोगद्यात चक्क वाफेचं इंजिन!

आता इंजिन म्हटलं की धूर आला, आणि धूर म्हटला की त्याला बाहेर सोडायला मोकळी जागा हवी. लीन्स्टर गार्डन्स नावाच्या उच्चभ्रू गल्लीत रेल्वेने त्यासाठी दोन घरं पाडली. शेजाऱ्यांना दात पडलेल्या तोंडासारखी ती फट दिसायला नको, म्हणून २३ आणि २४ नंबरला नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या. खांब, सज्जे, दारं, सगळं शेजारच्या घरांसारखं. दारांना टपालपेटीची फट मात्र नाही आणि खिडक्या रंगवलेल्या. मी समोरून दोनदा गेले तरी मला कळलं नाही. मग मागच्या गल्लीत जाऊन कठड्यावरून वाकून पाहिलं, तर घर नाहीच! खाली रूळ आणि वर आभाळ. नाटकाचा सेट दीडशे वर्षांहून जास्त टिकल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे या जाळ्यातलं सगळ्यात छोटं अंतर, जेमतेम २६० मीटर. तेवढ्यासाठी तिकीट काढणं म्हणजे शेजारच्या घरी रिक्षाने जाणं. तरी पर्यटक जातात. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टसाठी ही गर्दी होती, म्हणून मी जिन्याकडे वळले. पाटी होती : १९३ पायऱ्या. साताऱ्याचा अजिंक्यतारा चढून मोठ्या झालेल्या मुलीला १९३ पायऱ्यांचं काय कौतुक! शंभराव्या पायरीला कौतुक कळलं. जिना गोल फिरत जातो, वारा नाही, आणि गडावर निदान लिंबू सरबतवाला तरी भेटतो.

भारतात घरोघरी मुलांच्या टी-शर्टवर असतो तो मेट्रोचा रंगीत नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये काढला. विजेच्या सर्किटचे आराखडे काढणारा माणूस. त्याने ठरवलं, भुयारातल्या माणसाला वर कुठली गल्ली आहे याच्याशी काय देणंघेणं? त्याला फक्त कुठं चढायचं, कुठं बदलायचं, कुठं उतरायचं हे हवं. म्हणून त्याने सगळ्या रेषा सरळ केल्या आणि अंतरं सरळसरळ खोटी लावली. १९३३ मध्ये नकाशा छापून लोकांच्या हाती पडला. भूगोलाच्या पेपरात शून्य मिळालं असतं, पण जगभरच्या मेट्रोंनी तोच गिरवला.

आणि एक स्टेशन एम्बँकमेंट. नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडच्या फलाटावर ‘फटीकडे लक्ष द्या’ अशी सूचना देणारा आवाज बाकीच्या स्टेशनांवरच्या आवाजापेक्षा वेगळा आहे. तो ऑस्वाल्ड लॉरेन्स या नटाचा. ते २००७ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी अधूनमधून त्या फलाटावर जाऊन बसायच्या, नवऱ्याचा आवाज ऐकायला. पुढे यंत्रणा बदलली आणि आवाज गेला. बाईंनी विचारणा केली, रेल्वेवाल्यांनी जुनी ध्वनिफीत शोधून काढली आणि २०१३ मध्ये त्या एकाच ठिकाणी तो आवाज परत बसवला. मी तिथं तीन गाड्या सोडल्या.

पूल विकणे आहे

टॉवर ब्रिज १८९४ चा. वर्षातून साधारण आठशे वेळा त्याचे दोन्ही पंख वर होतात, आणि नियम असा की आधी जहाज, मग मोटारी. नदीतून उंच डोलकाठीचं गलबत आलं तर मंत्र्याच्या गाडीनेही थांबायचं.

१९५२ च्या डिसेंबरात एकदा उलटं झालं. ७८ नंबरची डबलडेकर पुलावर असतानाच पूल वर उचलायला सुरुवात झाली. ड्रायव्हर अल्बर्ट गंटर. ब्रेक मारावा की गॅस द्यावा? पठ्ठ्याने गॅस दिला आणि प्रवाशांनी भरलेली बस पलीकडच्या, अजून खालीच असलेल्या पंखावर उडवली. कोणी दगावलं नाही. गंटरला दहा पौंड बक्षीस मिळालं. गुणिले शंभर केलं तरी हजारच!

जवळच लंडन ब्रिज. दिसायला अगदी साधा. कारण जुना पूल त्यांनी १९६८ मध्ये विकला. खरंच विकला. रॉबर्ट मॅककलॉक या अमेरिकन उद्योगपतीने २४ लाख ६० हजार डॉलरना घेतला, दगडांवर नंबर टाकून जहाजाने नेला आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात परत उभा केला. त्याला म्हणे टॉवर ब्रिजच घेतोय असं वाटलं होतं. तो आयुष्यभर नाही म्हणत राहिला, पण लोकांना गोष्ट आवडली ती आवडलीच.

टेम्सबद्दल एक गोष्ट पुण्याच्या मामाला फोनवर सांगितली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीत सोडलेल्या मैल्याची इतकी घाण सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसवेना. पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगले, तरी नाक धरायची वेळ. मग खासदारांनी गटारांचा कायदा अवघ्या अठरा दिवसांत मंजूर केला आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने शहराखाली गटारांचं असं जाळं टाकलं की ते आजही वापरात आहे. मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आपलं विधानभवन मुठेच्या काठावर बांधायला पाहिजे होतं.”

वाघनखं आणि पोपट

आता माझी फजिती. लंडनची मोठी संग्रहालयं फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम फुकट, नॅशनल गॅलरी फुकट, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट फुकट. (कोहिनूर मात्र टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे आणि तिथलं तिकीट तीस पौंडांच्या वर. आपलाच हिरा बघायला तीन हजार? नाही बघितला.) व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखं आहेत हे शाळेपासून ऐकलेलं. ग्रँट डफ, ज्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८१८ नंतर आमच्या साताऱ्यातच रेसिडेंट होता आणि ही वाघनखं त्याच्याकडून, त्याच्या वंशजांकडून तिथं पोचली. सातारकर म्हणून माझा हक्कच. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळीच जाऊन उभी राहिले.

टिपूचा वाघ दिसला. लाकडाचा, गोऱ्या शिपायाला लोळवणारा, पोटात चक्क बाजाच्या पट्ट्या. वाघ आहे, नखं कुठायत? आईला फोन लावला.

“आई, अगं मी वाघनखं बघायला आलेय, सापडेनात.”

“तिथं कशी सापडतील? ती इथं आलीत की साताऱ्यात! स्टँडजवळच्या म्युझियममध्ये. परवाच बघून आले मी. तू कशाला एवढ्या लांब गेलीस?”

मी विद्यापीठाच्या फीचा आकडा आठवून गप्प बसले. करारच झाला होता. तीन वर्षांसाठी वाघनखं महाराष्ट्रात, आणि २०२४ च्या जुलैत पहिला मुक्काम सातारा. महाराजांनी अफझलखानाला मारलं ते हेच हत्यार का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. पण बघायला मिळाली असती तर मला चाललं असतं.

थोडक्यात, पोपट झाला. आणि तशी तोंड पाडून पलीकडच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये जाऊन बसले, तर डोक्यावर कलकलाट. वर पाहिलं, पोपट! हिरवेगार, लाल चोचीचे, गळ्याला कंठी असलेले, आमच्या परसातल्या पेरूवर बसतात तेच. थव्याने. लोक हातावर सफरचंदाच्या फोडी घेऊन उभे आणि हे बिनदिक्कत येऊन बसतायत.

हे पक्षी भारतीय उपखंडातले. पिंजऱ्यातून सुटत गेले आणि साधारण १९७० पासून तिथं रानटी म्हणून अंडी घालायला लागले. थंडीला भीत नाहीत. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने एक जोडी सोडली आणि तिची ही पिलावळ, अशी एक लोककथा आहे. संशोधकांनी ती खोडून काढली आहे, पण विषय हेंड्रिक्सवर आलाच आहे तर ब्रुक स्ट्रीटला चला. तिथं २३ नंबरला हेंड्रिक्स राहायचा आणि भिंतीला भिंत लागून २५ नंबरला, दोनशे-सव्वादोनशे वर्षं आधी, संगीतकार हॅन्डेल. दोन घरं, दोन निळ्या पाट्या, मध्ये एक भिंत. दोघं एकाच काळात असते तर सोसायटीच्या मीटिंगा रंगल्या असत्या.

निळ्या पाट्या, भाजलेले पापड

‘इथे अमुक माणूस राहत होता’ असं सांगणाऱ्या या गोल निळ्या पाट्यांची योजना १८६६ पासूनची. पाटीसाठी अट एकच मोठी : माणूस जाऊन निदान वीस वर्षं झालेली हवीत. हयातीत स्वतःच्या चौकाचं उद्घाटन स्वतः करण्याची सोय नाही. फुकट हिंडणाऱ्याला या पाट्या म्हणजे खजिनाच.

मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्यांची पाटी आहे. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरचा बदनामीचा दावा लढवायला टिळक गेले होते तेव्हाचा, १९१८-१९ चा मुक्काम. दावा हरले. घर पांढरंशुभ्र, शांत, कालव्यापासून दोन पावलांवर. मी फोटो काढत होते तेव्हा शेजारच्या घरातून एक आजी बाहेर आल्या आणि हे गृहस्थ कोण, असं विचारलं. माझ्या इंग्रजीत ‘लोकमान्य’ला शब्द सापडेना.

दुसरं घर १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर इथं राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आत स्मारक आहे. कुठल्याही परदेशी विद्यार्थ्याने इथं जावं आणि आपली रडगाणी दारातच ठेवावीत. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत जावं लागलेला हा माणूस १९२० मध्ये पैसे जमवून पुन्हा आला. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे, असं त्यांच्या चरित्रात येतं. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली, विषय रुपयाचा प्रश्न. रुपया आणि पौंडाच्या दराचा विचार मीही रोजच करत होते, पण माझी गाडी कॉफीच्या पुढे गेली नाही. त्या रात्री मी आईने दिलेले पोह्याचे पापड काढले. खोलीत धुराचा भोंगा वाजला.

आजोबा राजाबाई, नातू टेलिफोन

मुंबईकरांसाठी एक. सेंट पँक्रस स्टेशनसमोर उभं राहिलं की वाटतं, हे कुठंतरी बघितलंय. लाल विटा, कमानी, मनोरे, घड्याळ. ते स्टेशनाच्या दर्शनी भागातलं हॉटेल बांधलं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने. मुंबईचा राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं वाचनालय यांचे आराखडेही त्याचेच. आणि हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही! लंडनला बसून नकाशे पाठवले, टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

त्याचा नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. लंडनच्या प्रत्येक फोटोत येते ती लाल टेलिफोनची टपरी या नातवाची. तिच्या घुमटासारख्या छपराची कल्पना त्याला, सेंट पँक्रसच्याच जुन्या दफनभूमीतली वास्तुविशारद सर जॉन सोन याची समाधी पाहून सुचली, असं मानतात. म्हणजे सगळे हसत हसत ज्या टपरीत सेल्फी काढतात ती मुळात थडग्याची नक्कल. आज जिथं टेट मॉडर्न हे कलादालन आहे ते बँकसाइडचं वीजघरही याच नातवाने बांधलं. तेही फुकट, आणि बाहेर बसायला जागा भरपूर.

शून्य सापडेना

ग्रिनिचला शून्य रेखांश आहे. १८८४ मध्ये जगाने तो मान्य केला. अंगणातल्या धातूच्या पट्टीवर एक पाय पूर्वेला, एक पाय पश्चिमेला ठेवून फोटो काढायचा तर तिकीट लागतं. पण रेषा काय, तिकीट संपलं म्हणून संपते थोडीच! ती अंगणाची भिंत ओलांडून खालच्या पायवाटेवर येते आणि तिथं तिची खूणही केलेली आहे. मी तिथं दोन्ही गोलार्धांत उभी राहिले. पैसे शून्य, रेखांशही शून्य.

मग सहज मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघितले, तर शून्य नाही! उपग्रहांनी मोजलेला आजचा शून्य रेखांश तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेतल्या गवतातून जातो. जुन्या दुर्बिणीची मोजणी त्या जागच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओळंब्याने झाली होती, उपग्रहांची पृथ्वीच्या मध्यापासून होते. म्हणजे तिकीट काढून उभे राहिलेले लोक, माझ्यासारखेच, चुकीच्या जागी उभे असतात. याने मला अतोनात आनंद झाला.

उरलंसुरलं

दहा, डाउनिंग स्ट्रीटचं काळं घर मुळात पिवळ्या विटांचं. धुराने काळं पडलं, १९६० च्या दशकात धुतल्यावर पिवळं निघालं, तेव्हा लोकांना ओळखू येईना म्हणून काळा रंग दिला. तिथल्या लॅरी बोक्याने २०११ ते २०२४ या काळात सहा पंतप्रधान पाहिले.

फेनचर्च स्ट्रीटवरची एक काचेची इमारत आतल्या बाजूला वळलेली आहे. २०१३ मध्ये तिच्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने रस्त्यावरच्या जग्वार गाडीचे प्लॅस्टिकचे भाग वितळले. एका पत्रकाराने तिथं अंडं तळून दाखवलं. लंडनच्या उन्हात! तिच्या माथ्यावरची बाग आधी नाव नोंदवलं तर फुकट.

१६६६ च्या मोठ्या आगीचं स्मारक २०२ फूट उंच. आग ज्या बेकरीत लागली ती तिथून बरोबर २०२ फुटांवर होती.

शेरलॉक होम्सचं २२१-बी हे घर २३७ आणि २४१ या नंबरांच्या मध्ये आहे. कादंबरीतल्या माणसाला नंबरांची शिस्त कोण लावणार?

काळ्या टॅक्सीचा परवाना हवा तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ लागतात. त्याला तीन-चार वर्षं जातात. या ड्रायव्हरांच्या मेंदूत दिशा-जागा लक्षात ठेवणारा भाग मोठा असतो, असं २००० सालच्या एका अभ्यासात आढळलं. मी टॅक्सीत एकदाही बसले नाही. मी होते तेव्हा बसला पावणेदोन पौंड पडायचे आणि तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुढचं भाडं नाही. डबलडेकर, वरचा मजला, पहिली सीट. याहून स्वस्त लंडनदर्शन नाही. फक्त कार्ड न्या, २०१४ पासून बसमध्ये रोकड घेत नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरात परत आले. सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या म्युझियममध्ये गेले. वाघनखं नागपूरला गेली होती. करार तीन वर्षांचा आहे, तुम्ही तरी वेळेत बघून घ्या.